हे आले नव्हते का?

अष्टविनायक करून परत आल्याला चार दिवस झाले होते. आमची ही तळमजल्यावरच्या काकूंना जिन्यात मोबाईलवर यात्रेचे फोटो दाखवत होती. काकूंनी चष्मा वरखाली करत दीडशेएक फोटो बघितले, दिसेल त्या कळसाला तिथल्या तिथे हात जोडले, आणि फोन परत देताना हळूच, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच ऐकू जाईल इतक्या हळू, विचारलं, "हे आले नव्हते का गं? बरं आहे ना सगळं?"

मी दळणाचा डबा घेऊन मागेच उभा होतो.

हे आले होते. आठही ठिकाणी आले होते. दोन दिवसांत 1,212 फोटो ह्यांनीच काढले आणि त्यातल्या एकाही फोटोत हे नाहीत. उद्या कोणी कोर्टात उभं करून विचारलं की अमुक तारखेला आपण मोरगावला होतात याला पुरावा काय, तर माझ्याकडे सुजलेल्या अंगठ्याखेरीज दाखवण्यासारखं काही नाही.

आमच्या घराण्यात फोटो काढण्याचं पद वडिलोपार्जित आहे. आधी ते बाबांकडे होतं. तेव्हा फिल्मचा कॅमेरा असे आणि छत्तीस फोटोंचा रोल. एक सहल, एक रोल, असा घरचा कायदा. त्यामुळे बाबा फोटो काढायचे ते रेशनच्या दुकानात रॉकेल मोजून द्यावं तसे. महाबळेश्वरला पोचेपर्यंत "हे काय बघायचं, पुढे चांगलं येईल" म्हणत पॉइंटमागून पॉइंट कोरडे जायचे आणि परतीच्या दिवशी एस.टी. स्टँडवर अकरा फोटो उरलेले असायचे. मग ते तिथेच, कंट्रोलरच्या खिडकीसमोर, निरनिराळ्या जोड्या लावून संपवले जायचे. रोल हात राखून बसवला की सदतिसावा आणि नशीब असेल तर अडतिसावाही फोटो निघे. तो नफा बाबा घरी येऊन मांजरावर उधळत. एका वर्षी गणपतीपुळ्याला कॅमेऱ्याचं मागचं झाकण मधेच उघडलं आणि रोलला लाइट लागला. गणपतीपुळे म्हटलं की आमच्या अल्बममध्ये आजही एक नारिंगी ढग आहे. खाली बाबांच्या अक्षरात लिहिलंय, "समुद्र".

त्या अल्बममध्ये बाबा कुठेच नाहीत. आई आहे, आम्ही भावंडं आहोत, आत्या आहे, एका फोटोत तर एस.टी.चा कंडक्टर आहे. काही फोटो इतरांपेक्षा बुटके आहेत, उंचीला दोन बोटं कमी. ते का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. लहानपणी कितीतरी वर्षं माझी अशी समजूत होती की बाबांना ऑफिसातून रजा मिळत नाही.

पुढे बाबांचे गुडघे गेले आणि रोलही गेले. पद माझ्याकडे आलं. निवड गुणवत्तेवर झाली असं समजू नका. माझ्या फोनला मागे तीन भिंगं होती, बाकीच्यांच्या फोनला दोन.

तर आम्ही चौदा जण. आई-बाबा, काका-काकू, आत्या आणि आतोबा, आम्ही तिघं, चुलतभाऊ, वहिनी, त्यांचा आठवीतला मुलगा, आणि आत्येबहीण तिच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांसह. सतरा सीटांचा टेम्पो ट्रॅव्हलर. डिसेंबरातली पहाट. शास्त्राप्रमाणे आधी मोरगाव, मग सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव आणि शेवटी पुन्हा मोरगाव असा क्रम आहे. ड्रायव्हरदादांच्या शास्त्राप्रमाणे पुण्याहून निघालं की थेऊर आधी लागतं. आत्या म्हणाली, "अरे, क्रम!" दादा म्हणाले, "ताई, डिझेल." आपद्धर्म म्हणून थेऊरला वळलो.

थेऊरला पोचलो तेव्हा धुकं होतं. मुळा-मुठेवरून वाफ वर येत होती, देवळात कोणीतरी अथर्वशीर्ष म्हणत होतं. असं काही समोर आलं की क्षणभर नुसतं उभं राहावंसं वाटतं. मी राहिलो. लगेच मागून काकू म्हणाल्या, "उभा काय राहिलास? फोटो काढ की."

ग्रुप फोटो ही काय चीज आहे ते ज्यांनी काढला त्यांनाच ठाऊक. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी गाडीतच हिशेब करून दाखवला होता. एका माणसाचे डोळे दहातल्या नऊ वेळा उघडे असतात असं धरा. तेरा माणसांचे एकदम उघडे सापडण्याची शक्यता चारात एक. म्हणजे किमान चार फोटो काढायला हवेत. यात तीन वर्षांचं पोरही शहाण्या माणसासारखंच धरलंय, ते जसं आहे तसं धरलं तर उत्तर शून्य येतं. कॅमेऱ्याने घेतलेला जगातला सर्वांत जुना उपलब्ध फोटो नीप्स नावाच्या फ्रेंच गृहस्थाने 1826-27 च्या सुमाराला आपल्या घराच्या खिडकीतून काढला. त्याला कित्येक तास लागले होते. त्यात छपरं आहेत, भिंती आहेत, माणूस एकही नाही. म्हणून तर तो निघाला!

थेऊरला तेरा जण एकदाचे ओळीत उभे राहिले. उंच माणसं मागे, आजारी गुडघे पुढे. मी फोन वर केला आणि नेमक्या त्याच वेळी काकांना इतिहास सुचला. "बरं का, थोरले माधवराव पेशवे गेले ते इथेच. 18 नोव्हेंबर 1772. रमाबाई इथेच सती गेल्या." आईला एकदम भरून आलं. आत्याने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "हसा." कसे हसणार? थेऊरचे सतरा फोटो आहेत आणि सतराही शोकसभेचे वाटतात.

मोरगावच्या मयूरेश्वराचं देऊळ लांबून गढीसारखं दिसतं. चारी कोपऱ्यांना मनोरे, उंच तटबंदी, वर जायला पायऱ्या. बाहेर उंदीर आहेच, पण त्याच्या जोडीला एक भलाथोरला नंदीही गणपतीकडे तोंड करून बसलाय. नंदी शंकराचा, इथे कसा? सांगतात ते असं की शंकराच्या देवळासाठी तो गाड्यावरून नेत होते, गाडा इथे मोडला आणि नंदी काही केल्या हलेना. मला ही कथा अजिबात अशक्य वाटत नाही, कारण आम्ही आत्याला घेऊन प्रवास करतो.

आत्या फोटोत मध्यभागी बसते. यालाही एक कारण आहे. फोनचं जे सगळ्यात रुंद भिंग असतं, त्यात कडेची माणसं बाहेरच्या बाजूला ताणली जातात. मधला माणूस जसाच्या तसा येतो, कडेचा आडवा पसरतो. हा भिंगाचा गुण आहे, त्यात फोटो काढणाऱ्याचा काही हात नसतो. हे मी आत्याला वहीवर आकृती काढून समजावलं आहे. पण पाच वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुंजीत ती कडेला उभी होती, आणि त्या फोटोबद्दल कोणीतरी "तब्येत सुधारली हं" असं म्हणालं होतं. तेव्हापासून ती कुठेही गेली की आधी मध्यबिंदू शोधते. मोरगावच्या पायऱ्यांवर ती बरोब्बर मध्ये बसली. मग आतोबा कडेला गेले. फोटोत ते दोन सीटांचे दिसतात. ते स्वतः काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. गाभाऱ्यात फोटो काढायला मनाई असते. असायलाच हवी, नाहीतर देवाला दिवसभर नुसते फोनचे पाठीमागचे डोळेच दिसायचे. आम्ही पाटी वाचतो आणि फोन खिशात ठेवतो. त्यामुळे या 1,212 फोटोंत यात्रेतले दोघेच नाहीत. एक गणपती आणि दुसरा मी.

सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा, आठांत तसा हा एकटाच. सोवळ्याचा कडक. म्हणून तिथे सगळे जरा सावरून होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा शांतता मिळाली. शिवाय देऊळ उत्तराभिमुख. उत्तरेकडे तोंड असलं की दुपारचं ऊन थेट दाराशी येत नाही, सावलीतला मऊ उजेड मिळतो. चेहऱ्यांवर तो फार छान पडतो. यात्रेतले सगळ्यात चांगले फोटो सिद्धटेकचे आहेत, आणि ग्रुपवर ते कोणालाही आवडलेले नाहीत. "जरा अंधारच आलाय रे," असं आत्येबहिणीने लिहिलं आणि खाली हात जोडलेले सहा.

देवळाखाली भीमा आहे. पात्राला वळण, काठाला हिरवं, दुपारी पाणी तांब्याच्या भांड्यासारखं चमकत होतं. मी दोनच मिनिटं मागून घेतली आणि नुसत्या नदीचे फोटो काढले. गाडीत आत्याने ते बघितले. पुढे सरकवत विचारलं, "यात कोणीच कसं नाही?"

"नदी आहे ना."

"नुसती नदी? मग ती आपली आहे हे कळणार कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर विचार केला तर बाईचं बरोबरच आहे. भीमेचे माझ्याहून चांगले फोटो हजारोंनी निघाले असतील. त्यांत आमची आत्या एकातही नाही, हेच माझं भांडवल.

मग रांजणगाव, आणि इथून माझ्या घसरणीला सुरुवात झाली.

रांजणगावला पोचायला संध्याकाळचे साडेपाच झाले. महागणपतीचं देऊळ पूर्वाभिमुख. म्हणजे सूर्य मावळतो तो देवळाच्या पाठीमागे. ज्यांनी ही देवळं बांधली त्यांनी सकाळचं ऊन देवाच्या दारात यावं हा विचार केला होता, संध्याकाळी पाचाला टेम्पो ट्रॅव्हलर येऊन उभी राहील हा नव्हता. मी फोटो काढला. मागे आभाळ केशरी, कळस झळाळतोय, आणि पुढे तेरा कोळसे.

"आमचे चेहरे कुठायत?" काकांनी विचारलं.

मी उजेडाची दिशा समजावून सांगायला लागलो. फोन आभाळाकडे बघून उजेड ठरवतो, मग पुढचं काळं पडतं, चेहऱ्यावर बोट दाबून उजेड वाढवला तर मागचं आभाळ पांढरं फटक होतं. काका शांतपणे ऐकून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण मी यातला कितवा?"

तेव्हा बाबा मधे पडले. दिवसभर ते गाडीतून उतरत होते, उभे राहत होते, हसत होते आणि गाडीत चढत होते. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस आता निवृत्तीचं सुख उपभोगत होता. प्रत्येक फोटोत ते आहेत, प्रत्येक फोटोत डोळे उघडे, आणि बोट मला सूचना करतंय: खाली घे, डावीकडे घे. ते म्हणाले, "ऊन नेहमी पाठीशी घ्यावं. इथे मुक्काम आहेच. सकाळी काढ."

ऊन पाठीशी. फिल्मच्या जमान्यातला हा पहिला धडा. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे, उजेड समोरच्यांच्या तोंडावर. मला पटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला, कडाक्याच्या थंडीत, तेरा माणसांना मी देवळासमोर पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. कानटोप्या काढायला लावल्या. काकूंना शाल सोडवेना, तर ती "परंपरा" म्हणून तशीच राहू दिली. ऊन सगळ्यांच्या चेहऱ्यावर थेट आलं, आणि थेट आल्यामुळे तेराही जणांनी डोळे बारीक केले. चारात एक काय, चाळिसात एक जमेना. शेवटी मी शक्कल लढवली. "सगळ्यांनी डोळे मिटा, मी तीन म्हटलं की उघडा." एक, दोन, तीन. आणि तो फोटो निघाला! तेरा माणसं, सव्वीस डोळे, सगळे उघडे. चिरंजीवसुद्धा कॅमेऱ्याकडे बघतायत. त्यांना वाटलं की लपाछपी चाललीय. मी ओरडलो, "झालं!" आणि रांगेतल्या अनोळखी लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्या फोटोकडे आपण पुन्हा येणार आहोत.

ओझर चटकन उरकलं. कुकडीकाठचं विघ्नेश्वराचं ते देखणं देऊळ, दीपमाळा, आणि चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर सोन्याने मढवलेलं शिखर. त्या शिखरावर दहाचं ऊन पडलं की माणसाला आपोआप हात जोडावेसे वाटतात आणि फोनला आपोआप घेरी येते.

लेण्याद्री मात्र उरकत नाही. तीनशेच्या घरातल्या पायऱ्या आहेत. आठ गणपतींत हा एकच डोंगरातला, बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या लेण्यात बसलेला गिरिजात्मज. खाली पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं आणि चढायला लागायचं. आई-बाबा डोलीत बसले. डोलीत बसलेल्या माणसाचा फोटो हा एक वेगळाच प्रकार आहे. डोलीवाले थांबत नाहीत, त्यांनी थांबूही नये. म्हणजे फोटो काढणाऱ्याने पायऱ्यांवरून पुढे पळत जायचं, वळायचं, फोटो काढायचा, तोवर डोली अंगावर आलेली असते, पुन्हा पळायचं. मी असा चार वेळा पळालो. बाबा वरून सांगत होते, "श्वास रोखून धर, नाहीतर फोटो हलतो." माझ्याकडे रोखण्यापुरता श्वास शिल्लक नव्हता.

अर्ध्या वाटेवर माकड आलं. सरळ आत्याच्या पिशवीत हात घातला आणि नारळ काढला. मला वाटलं लोक म्हणतील "हाकल, हाकल". सगळे एका सुरात ओरडले, "फोटो काढ, फोटो काढ!" आत्यासुद्धा. पिशवीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माकडाच्या, आणि ती मान वळवून म्हणतेय, "मी मध्ये येतेय ना?" मी काढला. आता प्रामाणिकपणे सांगतो, अख्ख्या यात्रेत पहिल्या झटक्यात, डोळे उघडे ठेवून, पोट आत घेऊन, मान किंचित तिरकी करून कोणी फोटो दिला असेल तर त्या माकडाने. त्याने तो नंतर मागितलाही नाही.

वर पोचल्यावर मात्र बोलायला काही उरत नाही. देवाच्या समोरचं ते दालन केवढं मोठं, आणि आधाराला मधे एकही खांब नाही. दोन हजार वर्षांच्या आसपास तो डोंगर तसाच डोक्यावर तोलून धरलाय. आत अंधार, गारवा, आणि दारांतून येणाऱ्या उजेडाचे पट्टे जमिनीवर. बाहेर सज्जात उभं राहिलं की खाली जुन्नरचा सगळा मुलूख पसरलेला आणि पलीकडे शिवनेरी. मी म्हटलं, हे एका फोटोत मावायचं नाही, पॅनोरमा घेऊ. पॅनोरमात फोन डावीकडून उजवीकडे संथ फिरवायचा असतो, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नसतं. मी फिरवायला लागलो, आणि चिरंजीव त्याच दिशेने, त्याच वेगाने कठड्याच्या कडेने चालायला लागले. तो फोटो अफाट आहे. डाव्या टोकाला चिरंजीव, मध्ये चिरंजीव, उजव्या टोकाला शिवनेरी आणि पुन्हा चिरंजीव. काका मधे एक पाऊल पुढे आले म्हणून त्यांना एकच खांदा आहे. आत्येबहिणीने तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय.

उतरून जेवण, मग चाकण, तळेगाव, लोणावळा, घाट. गाडीत सगळे झोपले. मी झोपलो नाही, कारण फोनने "जागा संपली" असं कळवलं होतं आणि मी एकेक फोटो पुसत बसलो होतो. पुसायचं काय? डोळे मिटलेले पुसले तर काकू सगळ्याच जातात.

महडला साडेचार वाजले आणि वरदविनायकाच्या दारात माझा फोन मेला. पॉवर बँक आधीच मेली होती, कारण तीवर पुतण्याने गाडीत दोन दिवस गेम खेळला होता. आत नंदादीप होता. 1892 पासून तो अखंड तेवतोय असं सांगतात. माझी दीड दिवसाची बॅटरी खिशात ठेवून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. हात रिकामे. दोन दिवसांत पहिल्यांदाच. काय करावं कळेना, तेव्हा ते जोडले. ज्योत अगदी हळू हलत होती. तेलाचा वास येत होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ ओठ न हलवता काही म्हणत होते, त्यांचा अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. किती वेळ गेला माहीत नाही.

"अरे, फोटो?" काकूंनी विचारलं.

"फोन बंद पडला."

त्या इतक्या हळहळल्या की मला वाटलं, आता मला धीर देतील. म्हणाल्या, "म्हणजे महड मोजायचं की नाही?"

चार्जर सापडेपर्यंत पालीला दिवेलागण झाली होती. पालीच्या बल्लाळेश्वरापाशी सरसगडाचा डोंगर आहे, त्याचा आकार गणपतीच्या मूर्तीसारखा दिसतो म्हणतात. काकांना तो लगेच दिसला. "हे बघ, हे गंडस्थळ, ही सोंड." काकूंना दिसेना. काकांनी बोटाने हवेत काढून दाखवला. चुलतभावाला दुसऱ्याच बाजूला दुसराच गणपती दिसला. मी तो काळा आकार आभाळासकट टिपला आणि घरी येऊन प्रत्येकाच्या फर्माइशीनुसार लाल रेघेने सोंड काढून दिली. एकाच डोंगराचे पाच गणपती झाले आहेत. पाचही जण आपलाच खरा म्हणतात.

देवळात वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी आणलेली पोर्तुगिजांची घंटा आहे. तिच्यासमोर मी शेवटचा फोटो काढला. कोणीतरी म्हणालं, "आता तूही ये रे एकात." माझे डोळे भरून आले. मी एका सज्जन माणसाच्या हातात फोन दिला, धावत जाऊन कडेला उभा राहिलो, पोट आत घेतलं. त्यांनी तीनदा बटण दाबलं, मान डोलावली, फोन परत दिला. तिन्ही फोटो त्यांचेच निघाले. कॅमेरा उलटा, सेल्फीवर राहिला होता. कपाळावर शेंदूर लावलेला तो भला चेहरा माझ्या फोनमध्ये अजून आहे. पुसवत नाही.

परतताना आत्याने विषय काढला. यात्रा मोरगावला संपली पाहिजे, नाहीतर पुरी होत नाही. ड्रायव्हरदादांनी आरशातून एकदाच बघितलं. पाली कुठे आणि मोरगाव कुठे. "पुढच्या खेपेला," काका म्हणाले, आणि विषय मिटला.

घरी आल्यावर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. "सगळे पाठव" म्हणणारे सगळे पाठवल्यावर "इतके कशाला" म्हणतात. "मोजकेच पाठव" म्हणणाऱ्यांना मोजके पाठवले की त्यांचा नेमका राहिलेला असतो. काकूंना स्वतःचा एकटीचा हवा होता, पण सिद्धटेकचा चेहरा, मोरगावची साडी आणि ओझरचं शिखर. एका रात्री झोप येईना म्हणून मी हिशेब केला. एका फोटोला साधारण सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. 1,212 फोटो म्हणजे एकूण बारा सेकंद. आमच्या दोन दिवसांच्या यात्रेतले बारा सेकंद कायमचे टिकले. बाकीचा सगळा वेळ मी "जरा डावीकडे" म्हणत होतो.

तो रांजणगावचा सव्वासाताचा फोटो मात्र ग्रुपवर गाजला. सगळ्यांनी तो स्टेटसला लावायचं ठरवलं. मग आत्याचा संदेश आला: "छान. पण खाली हे काळं काय आलंय लांबलचक? काढता येईल का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. ऊन पाठीशी होतं ना. हिवाळ्यातला कोवळा सूर्य, जमिनीला टेकलेला. माझी सावली माझ्या पायांपासून निघून फरशीवरून थेट त्यांच्यापर्यंत गेली होती. दोन्ही कोपर वर, मध्ये फोन धरलेला, आणि डोकं बरोब्बर काकांच्या पायाशी. यात्रेतला माझा एकुलता एक फोटो.

मी काही लिहायच्या आत आठवीतल्या पुतण्याने लिहिलं, "थांबा." आणि अर्ध्या मिनिटात सावली पुसलेला फोटो टाकला. फरशी लख्ख. खाली अंगठेच अंगठे. आईने हार घातलेला गणपती पाठवला.

बाबा माझ्या शेजारीच सोफ्यावर बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून आधीचा फोटो बघितला, मग नंतरचा.

"माझीपण यायची," ते म्हणाले. "ऊन पाठीशी घेतलं की येतेच. मी प्रिंट आले की कात्रीने कापून टाकायचो खालून."

मी उठून कपाटातला अल्बम काढणार, इतक्यात फोन वाजला. काका. आवाज चढलेला.

"अरे, माझा डावा पाय कुठाय?"

मी पुन्हा बघितलं. सावलीचं डोकं पुसताना त्याच्याबरोबर काकांचा डावा पायही घोट्यापासून गेला होता. तेरा माणसं, सव्वीस डोळे, पंचवीस पाय. काका महागणपतीसमोर बगळ्यासारखे उभे होते, आणि तसे ते आतापर्यंत अकरा जणांच्या स्टेटसला झळकले होते.

"काका, ते पुतण्याने..."

"मला बाकीचं सांगू नकोस. फोटो कोणी काढला? तू ना? मग?" ते थोडं थांबले. मागे काकू काहीतरी सांगत होत्या. "हे बघ, तसंही मोरगावला परत जायचं राहिलंयच. येत्या रविवारी काढू गाडी. मोरगाव करू, येताना रांजणगावला थांबू, आणि हाच फोटो पुन्हा घे. पायासकट. सकाळी सव्वासातला, म्हणजे पुण्याहून चारला निघावं लागेल. आणि हो..."

"काय?"

"या वेळी तेवढी सावली आणू नकोस."